लिंगभावाची अस्वस्थता आणि तिचे उपचार

जन्मसमयी सरकारदप्तरी जे लिंग नोंदले गेले, त्याच्याशी आपल्या अंतरीची जाणीव जुळत नाही, या विसंवादाने ज्यांना सतत तीव्र क्लेश होतात, त्यांच्या अवस्थेस वैद्यकशास्त्र 'जेंडर डिस्फोरिया' म्हणते. मन वळवून हा विसंवाद मिटविण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आणि ते निष्फळच नव्हे तर घातकही ठरले. म्हणूनच जर्मनीत जन्मून न्यूयॉर्कात स्थायिक झालेले डॉ. हॅरी बेंजामिन यांनी, मन बदलत नसेल तर देहच मनाशी जुळवून घ्यावा, हा विचार १९६६ च्या आपल्या ग्रंथात निर्भयपणे मांडला.

या उपचारांचा विचार करताना, कोणत्या पावलावरून मागे फिरता येते आणि कोणत्यावरून नाही, हीच कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समुपदेशन, इच्छित नाव आणि वेश यांत गमावण्यासारखे काही नसते. संप्रेरकांचे तसे नाही. टेस्टोस्टेरॉनने मासिक पाळी काही महिन्यांत थांबते व औषध सोडल्यास बहुधा पुन्हा सुरू होते, परंतु त्याच औषधाने जाड झालेले स्वरतंतू आणि खोल झालेला आवाज पूर्ववत होत नाही; उलट इस्ट्रोजेनने त्वचा मऊ होते, स्तनांची वाढ होते, पण एकदा फुटलेला आवाज कोवळा होत नाही, आणि त्यासाठी स्वरोपचारांचा दीर्घ अभ्यासच करावा लागतो. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळ्या होण्याचा, टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होण्याचा धोका संभवतो, म्हणून नियमित रक्ततपासणी अपरिहार्य आहे. आणि अपत्याची इच्छा असल्यास बीजसंग्रहाची तजवीज आरंभीच करावी. शस्त्रक्रिया सर्वांना हवी असते असे नाही, आणि ती करून घेण्याची सक्ती तर कोणावरही असू नये.

अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र मतभेद खरे आहेत: यौवनारंभ लांबविणाऱ्या औषधांविषयीचा पुरावा दुबळा असल्याचा निष्कर्ष इंग्लंडात डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने काढला, तर अनेक वैद्यकसंघटना निवडक मुलांसाठी ती औषधे उपयुक्त मानतात. येथे सावधगिरी हवी, पण सावधगिरीच्या नावाखाली त्या मुलाचे म्हणणेच न ऐकणे अन्यायाचे होईल.

आपल्याकडे भारतात २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या पंधराव्या कलमाने लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार व समुपदेशन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्या कलमाचा अंमल जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचावा, आणि तेथे येणाऱ्यास उपचारांआधी सन्मानाची वागणूक मिळावी, अशी आरोग्य खात्यास कळकळीची विनंती आहे.