माल नको म्हणताना झळ कुणाला?

आज एक चूक सांगते. ती गटाची होती आणि माझीही होती.

गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. अमुक कंपनीच्या मालकाने राजकारणात अमुक बाजू घेतली, तिचा साबण आणि धुण्याची पावडर घेऊ नका, असा. गटाच्या बैठकीत विषय निघाला. दोघी-तिघी तावातावाने बोलल्या, बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठराव मी माझ्या हाताने वहीत लिहिला.

गटातल्या एका वहिनींचं गावात किराणा दुकान आहे. त्यांनी गटाकडूनच पंधरा हजारांचं कर्ज घेऊन सणासाठी माल भरला होता. त्यात त्याच कंपनीचे दोन खोके होते. त्या बैठकीत गप्प बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा हप्ता कमी आला. विचारलं तर म्हणाल्या, "ताई, कंपनीचे पैसे मी मागच्याच महिन्यात एजन्सीला रोख दिलेत. माल ते परत घेत नाहीत. मग हे नुकसान कंपनीचं झालं की माझं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी बहिष्कार म्हणजे नेमकं काय, याचा थोडा अभ्यास केला.

एखाद्या कंपनीची भूमिका पटत नसेल तर तिचा माल न घेणं हा आपला हक्क आहे. पैसा आपला, पसंती आपली. जगात असे बहिष्कार यशस्वीही झालेत. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. तिथे गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या लोकांना मत देता येत नव्हतं, कुठे राहायचं हेही सरकार ठरवायचं. त्याला वर्णभेद म्हणत. बार्कलेज नावाच्या ब्रिटिश बँकेचा त्या देशात मोठा कारभार होता. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ठरवलं, या बँकेत खातं उघडायचं नाही, असेल तर बंद करायचं. मागणी एकच होती, बँकेने तो देश सोडावा. हे पंधराएक वर्षं चाललं. १९८६ मध्ये बँकेने तिथला आपला हिस्सा विकला. तिथला धंदाही तोवर अडचणीत आला होता, पण गिऱ्हाईक तुटल्याची झळ थेट बँकेलाच बसली होती.

दुसरी गोष्ट आयर्लंडमधल्या डब्लिन शहराची. जुलै १९८४ मध्ये डन्स स्टोअर्स या मोठ्या दुकानात मेरी मॅनिंग नावाची २१ वर्षांची मुलगी गल्ल्यावर होती. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या मालाला हात लावायचा नाही, असं तिच्या कामगार संघटनेने ठरवलं होतं. एक बाई तिथली फळं घेऊन आली, तेव्हा मेरीने बिल करायला नम्रपणे नकार दिला. तिला कामावरून निलंबित केलं. तिच्यासोबत दहाएक जण संपावर गेले, त्यात बहुतेक मुलीच. संघटनेच्या तुटपुंज्या पैशावर त्यांनी जवळजवळ तीन वर्षं दुकानाबाहेर उभं राहून काढली. १९८७ मध्ये आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेची फळं-भाजी आणण्यावर बंदी घातली. नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्यावर १९९० मध्ये डब्लिनला आले, तेव्हा या कामगारांना भेटले.

आता फरक बघा. त्या मुलींनी झळ स्वतःहून अंगावर घेतली. आम्ही मात्र ती वहिनींवर ढकलली, आणि आमचं स्वतःचं काहीच गेलं नाही.

आपल्याकडेही १९३० मध्ये मुंबईत बायका विदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या होत्या. त्या दुकानदारांशी बोलायच्या, विदेशी कापडाचे गठ्ठे मोहोरबंद करून ठेवा आणि नवा माल मागवू नका, अशी विनंती करायच्या. कंपनीला झळ लागते ती तिथेच. दुकानात पडून राहिलेल्या मालाचं तिला दुःख नसतं, तिचे पैसे आधीच पोचलेले असतात. नवी ऑर्डर थांबली की मात्र तिचा सेल्समन विचारायला येतो.

म्हणून गटात कुणी असा विषय काढला तर चार गोष्टी बघा.

पहिली, बातमी खरी आहे का? आम्ही नंतर कॉलेजच्या एका मुलीला शोधायला सांगितलं. ती बातमी दुसऱ्याच, सारख्या नावाच्या कंपनीची निघाली! पाकिटामागे बनवणाऱ्या कंपनीचं पूर्ण नाव छापलेलं असतं, ते वाचा.

दुसरी, आपली मागणी काय आहे? कंपनीने काय केलं म्हणजे आपण पुन्हा माल घेऊ? हे सांगता येत नसेल तर तो नुसता राग आहे. मागणी असेल तर पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून सांगा. न सांगता बंद केलं तर कंपनीला कसं कळणार?

तिसरी, दुकानदाराशी आधी बोला. आहे तो माल संपू द्या, नवा मागवू नका म्हणावं.

चौथी, जबरदस्ती नको. गटात सगळ्या पक्षांच्या, सगळ्या विचारांच्या बायका असतात. कुणी काय विकत घ्यावं हा गटाचा ठराव होऊ शकत नाही, आणि कर्जाशी तर त्याचा संबंध जोडूच नये. मालावरचा राग माणसावर तर अजिबात जाऊ देऊ नका. माल नको म्हणणं वेगळं आणि माणसाला वाळीत टाकणं वेगळं. समाजाने किंवा जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आम्ही पुढच्या बैठकीत तो ठराव रद्द केला. वहिनींची माफी मागितली आणि वाटून दोन्ही खोके संपवले. त्यांचा राहिलेला हप्ता त्यांनी पुढच्या महिन्यात भरला. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "वहिनी, वही माझ्या हातात होती. विचारायला मी पाहिजे होतं."

तुमच्या गटात ठराव लिहिण्याआधी एवढं करा. जी गप्प बसली आहे, तिला एकदा विचारा.