नव्या समुपदेशन गटातील विश्वास आणि दिशा

समुपदेशन म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन व्यक्तींचे संभाषण, अशी समजूत आपल्या पाळकवर्गात बहुधा रूढ आहे. परंतु समान दुःख असलेल्या माणसांनी एकत्र बसून परस्परांस आधार देण्याची पद्धतही जुनीच आहे. १९०५ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांचा एक वर्ग सुरू केला व तेथील इमॅन्युएल चर्चने त्यास साहाय्य दिले. प्रत्येक रोगी आपला आहार, विश्रांती व ताप यांची दैनिक नोंद ठेवी आणि साप्ताहिक बैठकीस ती घेऊन येई. निरनिराळ्या वंशांचे व पंथांचे हे लोक एका समान व्याधीमुळे एकमेकांशी बांधले गेले, असे प्रॅट यांच्या ध्यानात आले.

असा गट दादरा व नगर हवेलीतील सिल्वासासारख्या नगरात उभा करावयाचा झाल्यास कोणती काळजी घ्यावी? १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. वारली, कोकणा, धोडिया या मूळ रहिवाशांच्या शेजारी आज दूरदूरच्या राज्यांतून आलेले कारखान्यातील कामगार राहतात. शेजाऱ्यास शेजाऱ्याची भाषा कळेलच असे नाही. उलट मुकादम आणि त्याच्या हाताखालचा कामगार एकाच बैठकीत येऊन बसण्याचा संभव असतो. व्यसन, कर्ज किंवा घरातील मारहाण यांविषयी रविवारी काढलेला शब्द सोमवारच्या पाळीला कारखान्यात पोचला, तर बोलणाऱ्याची अब्रू व नोकरी दोन्ही धोक्यात येतात. असा माणूस पुन्हा कोणापाशीही मन मोकळे करणार नाही.

यास्तव विश्वासाचा पाया पहिल्या बैठकीपूर्वीच घालावा लागतो. गटप्रमुखाने प्रत्येकास आधी स्वतंत्रपणे भेटून त्याची अपेक्षा व भीती समजून घ्यावी. ज्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ किंवा सावकार-ऋणको असा संबंध आहे, त्यांना एका गटात घेऊ नये. सहा ते दहा सभासद पुरेत. पाळ्या बदलत असल्यामुळे बैठकीची वेळ सर्वांच्या संमतीने ठरवावी, व ठरलेल्या वेळी बैठक सुरू करून ठरलेल्या वेळीच ती संपवावी. विश्वास गोड शब्दांनी येत नाही; लहान वचने वारंवार पाळली गेल्याने तो येतो.

गुप्ततेचा नियम पहिल्याच दिवशी सोप्या शब्दांत सांगावा आणि त्याची मर्यादाही सांगावी. कोणाच्या जिवास धोका असल्यास मौन पाळता येत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ही मर्यादा आधी न सांगता नंतर पुढे केली, तर तो सभासदास विश्वासघात वाटेल. गप्प राहण्याचा अधिकार प्रत्येकास असावा. प्रत्येकाने आपले दुःख आपल्याच बोलीत सांगावे. दुभाषी लागल्यास तो गटातीलच असावा व त्यालाही तोच नियम लागू असावा.

आता दिशेचा विचार करू. पाळकाला उपदेशाची सवय असते. कोणी दोन वाक्ये बोलताच त्याच्या ओठांवर उत्तर येते. पण उत्तर घाईने मिळाले की बाकीचे श्रोते होतात आणि गटाची सभा होते. प्रारंभी प्रमुखाने चौकट घालून द्यावी, काही बैठकांनंतर मात्र “तीन महिन्यांच्या अखेरीस आपल्या जीवनात कोणता एक बदल दिसावा?” असे प्रत्येकास विचारावे. त्या उत्तरांतून गटाचे ध्येय ठरते. प्रॅट यांच्या वर्गाप्रमाणे ते मर्यादित व रोज तपासता येण्याजोगे असावे.

ब्रूस टकमन यांनी १९६५ साली लहान गटांच्या वाढीचे चार टप्पे मांडले: जुळणी, संघर्ष, नियमांची घडण आणि कार्य. दुसऱ्या टप्प्यात सभासद प्रमुखावर रुष्ट होतात, आपसांत वाद घालतात, काही गैरहजर राहू लागतात. अननुभवी प्रमुख यास अपयश समजून गट मोडतो किंवा अधिक कठोर होतो. वस्तुतः लोकांना येथे खरे बोलता येईल असे वाटू लागल्याचे ते लक्षण असू शकते. प्रमुखाने राग शांतपणे ऐकून घ्यावा आणि ठरलेले नियम ढळू देऊ नयेत.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल परस्परांचे ओझे उचलण्यास सांगतो, आणि लगेच पुढे प्रत्येकाचा स्वतःचा भारही त्याच्याकडेच ठेवतो. या दोहोंत विसंगती नाही. व्यसनी मनुष्याबरोबर त्या कठीण संध्याकाळी बसून राहणे हे गटाचे काम. पेला नाकारणे हे त्याचे स्वतःचे. पहिले ओझे उचलले गेले म्हणजे विश्वास उत्पन्न होतो, आणि दुसरा भार ज्याचा त्याच्याकडे राहिला म्हणजे दिशा टिकते. जेथे आत्महत्येचा विचार किंवा गंभीर मानसिक आजार दिसेल, तेथे त्या व्यक्तीस एकटे न सोडता विनाविलंब वैद्यकाकडे न्यावे. आपल्या शक्तीची सीमा ओळखणाऱ्या गटावरच लोक निर्धास्तपणे विसंबतात.