ओपनव्हीपीएनची हद्द आखताना

व्हीपीएन सर्व्हरवरच्या प्रोसेसला दोन टोकांची कामे एकाच वेळी करावी लागतात. तिला टनेलसाठी आभासी इंटरफेस उभा करायचा असतो, राउटिंग टेबलमध्ये नोंदी घालायच्या असतात, सर्व्हरची खासगी की वाचायची असते. त्यासाठी रूटचे अधिकार लागतात. दुसरीकडे ती इंटरनेटवर पोर्ट उघडून बसलेली असते आणि अनोळखी माणसाचे पॅकेटही आधी हातात घेऊन मगच ते खरे की खोटे हे ठरवते. या तपासणीच्या कोडमध्ये एखादी चूक निघाली, तर चूक शोधणाऱ्याला त्या प्रोसेसचे सगळे अधिकार आयते मिळतात. सुरुवातीचे हे काम संपताच रूटचे अधिकार सोडून ‘नोबडी’ या वापरकर्त्याच्या नावाने चालण्याची सोय ओपनव्हीपीएनमध्ये आहे आणि ती वापरलीच पाहिजे. पण नोबडीसुद्धा सर्वांना खुल्या असलेल्या फाईल वाचू शकतो, बाहेर कुठेही जोडणी करू शकतो. सक्तीच्या प्रवेश नियंत्रणाची गरज इथे लागते.

लिनक्समधल्या नेहमीच्या परवानग्या फाईलच्या मालकाच्या मर्जीवर असतात. मालकाने फाईल सर्वांना खुली केली की ती खुली झाली, आणि रूटला तर बहुतेक ठिकाणी कोणी अडवतच नाही. सक्तीच्या नियंत्रणात मर्जीचा प्रश्न उरत नाही. कोणत्या प्रोसेसने कोणत्या वस्तूला काय करावे हे संपूर्ण यंत्रणेसाठी एकदा लिहून ठेवलेले असते आणि कर्नल ते रूटलाही लागू करतो. या पद्धतीची लिनक्सवरची सर्वांत रुजलेली अंमलबजावणी म्हणजे एसईलिनक्स. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने ती डिसेंबर 2000 मध्ये खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केली, आणि 2003 मध्ये ती 2.6 मालिकेच्या मुख्य कर्नलमध्ये आली. आज रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, फेडोरा, रॉकी आणि अल्मा या वितरणांत ती मुळातच चालू असते. सर्व्हर उभा करणाऱ्याने तिला बोलावलेले नसले, तरी तिच्याशी त्याची गाठ पडतेच.

एसईलिनक्स प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक फाईलला एक लेबल लावते. लेबलात वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी असे चार भाग असतात. सर्व्हरच्या रोजच्या कामात त्यांतला तिसरा, म्हणजे प्रकार, तेवढा महत्त्वाचा. ओपनव्हीपीएनच्या प्रोसेसचा प्रकार ‘ओपनव्हीपीएन_टी’. तिच्या कॉन्फिगरेशनच्या फाईल ‘ओपनव्हीपीएन_ईटीसी_टी’, लॉग ‘ओपनव्हीपीएन_व्हार_लॉग_टी’, आणि 1194 हे अधिकृत पोर्ट ‘ओपनव्हीपीएन_पोर्ट_टी’. लिहून ठेवलेल्या या नियमांच्या संचाला पॉलिसी म्हणतात, आणि तिच्यातले नियम याच नावांत बोलतात: या प्रकारच्या प्रोसेसने त्या प्रकारची फाईल वाचावी, या प्रकारच्या पोर्टवर बसावे. जे लिहिलेले नाही, ते मना. एक बारकावा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. कॉन्फिगरेशनचा प्रकार प्रोसेसला फक्त वाचता येतो. क्लायंटना दिलेल्या पत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फाईलसारख्या, तिने स्वतः लिहायच्या गोष्टींना वेगळा प्रकार आहे. म्हणजे ताब्यात गेलेली प्रोसेससुद्धा स्वतःचे कॉन्फिगरेशन बदलून पुढच्या वेळेसाठी दार उघडे ठेवू शकत नाही. पॉलिसी लिहिणाऱ्यांनी किती पुढचा विचार केला आहे ते अशा ठिकाणी कळते.

पहिली तपासणी प्रोसेसचीच करावी. पीएस कमांडला कॅपिटल झेड जोडला की लेबल दिसते. प्रोसेसच्या प्रकाराला डोमेन म्हणतात; सिस्टमडीने सुरू केलेली सेवा ओपनव्हीपीएन_टी या डोमेनमध्ये जाते. तोच प्रोग्रॅम रूटने शेलमधून हाताने चालवला, तर तो शेलच्याच मोकळ्या डोमेनमध्ये राहतो आणि त्याला कोणी अडवत नाही. ‘हाताने चालवले की चालते, सर्व्हिस म्हणून चालवले की पडते’ ही नेहमी ऐकू येणारी तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. त्यामुळे हाताने घेतलेली चाचणी या कामात काहीच सिद्ध करत नाही.

सर्वांत जास्त वेळा अडकणारी गोष्ट म्हणजे की. प्रशासक दुसऱ्या यंत्रावर तयार केलेली की रूटच्या होम डिरेक्टरीत आणतो आणि तिथून एमव्ही कमांडने /ईटीसी/ओपनव्हीपीएन/सर्व्हर मध्ये हलवतो. मालक रूट, परवानगी 600, सगळे ठाकठीक दिसते. सर्व्हिस मात्र ‘परमिशन डिनाइड’ म्हणून बंद पडते. रूटने चालणाऱ्या प्रोग्रॅमला रूटचीच फाईल वाचता येत नाही, हे पाहून माणूस चक्रावतो. एसईलिनक्सचे नकार जिथे नोंदले जातात त्या ऑडिट लॉगमध्ये उत्तर एका ओळीत असते. ती ओळ लांबलचक असली, तरी वाचायच्या जागा ठरलेल्या आहेत. महिरपी कंसात नाकारलेली क्रिया, इथे ‘रीड’. ‘कॉम’पुढे मागणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव, ‘नेम’पुढे फाईलचे. मग दोन लेबले: पहिले मागणाऱ्याचे, त्यात ओपनव्हीपीएन_टी, दुसरे वस्तूचे, त्यात ‘ॲडमिन_होम_टी’. शेवटी ‘पर्मिसिव्ह’पुढे 0, म्हणजे नकार खरोखर लागू झाला. सगळा उलगडा दुसऱ्या लेबलात आहे. एमव्ही फाईल जशीच्या तशी उचलते आणि तिच्यासोबत जुने लेबलही येते. सीपी नवी फाईल तयार करते, म्हणून तिला नव्या डिरेक्टरीचे लेबल मिळते. की नव्या घरात आली, पण लेबलावर पत्ता जुन्या घराचाच राहिला. रीस्टोरकॉन ही कमांड डिरेक्टरीवर एकदा फिरवली की प्रत्येक फाईलला तिच्या जागेनुसारचे लेबल लागते आणि सर्व्हिस उभी राहते. पॉलिसीत काही बदलावे लागत नाही.

या ठिकाणी चुकीची वाट फार जवळ असते. ऑडिट२अलाऊ नावाचे साधन लॉगमधला नकार घेते आणि त्याचे परवानगीच्या नियमात रूपांतर करून देते. वरच्या नकारावर ते चालवले, तर नियम तयार होतो तो असा: ओपनव्हीपीएन_टी ने ॲडमिन_होम_टी प्रकारच्या फाईल वाचाव्यात. एका कीसाठी नव्हे, रूटच्या होम डिरेक्टरीतल्या त्या प्रकारच्या झाडून सगळ्या फाईलसाठी. कमांडचा इतिहास, तिथे पडून राहिलेले पासवर्ड, बॅकअप, सगळे इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या प्रोसेसला वाचनासाठी खुले. नियम बिनतक्रार लागू होतो आणि सर्व्हिस चालू होते, म्हणून काम झाल्यासारखे वाटते. साधनाचा यात दोष नाही. कोणती मागणी रास्त आहे हे त्याला कळत नाही आणि कळण्याची सोयही नाही. तो निर्णय माणसाचा आहे. म्हणून नकार दिसला की आधी विचारायचे: मागणारा योग्य डोमेनमध्ये आहे का, वस्तूचे लेबल बरोबर आहे का, आणि दोन्ही बरोबर असतील तर ही मागणी व्हीपीएनच्या कामात बसते का. बहुतेक नकार दुसऱ्या प्रश्नापाशीच सुटतात.

फाईल नेहमीच्या जागी ठेवायच्याच नसतील, तर ती नवी जागा पॉलिसीला सांगावी लागते. समजा प्रत्येक जोडणीची नोंद करणारी एक स्क्रिप्ट आहे आणि ती /एसआरव्ही खालच्या एका डिरेक्टरीत लिहिते. सीएचकॉन कमांडने त्या डिरेक्टरीला ओपनव्हीपीएनच्या लॉगचे लेबल लावता येते, पण ते लेबल फक्त फाईलवर बसते; यंत्रणेचे पुन्हा लेबलिंग झाले की पुसले जाते. त्याऐवजी सेमॅनेज या कमांडच्या एफकॉन्टेक्स्ट या उपकमांडने मार्ग आणि प्रकार यांची जोडी कायमची नोंदवावी आणि मग रीस्टोरकॉन फिरवावी. एवढे केल्यावर स्क्रिप्टला हवी ती जागा मिळते, आणि डोमेनला कसलाही जादा अधिकार द्यावा लागत नाही.

पोर्टचे तंत्रही असेच. दुसरा सर्व्हर 1195 वर चालवायचा असेल, तर सेमॅनेजच्या पोर्ट या उपकमांडने यूडीपीचा तो क्रमांक ओपनव्हीपीएन_पोर्ट_टी मध्ये घालायचा. आधी यादी पाहावी. क्रमांक दुसऱ्या सेवेच्या प्रकाराकडे असेल, तर तो ओढून घेण्यापेक्षा दुसरा क्रमांक निवडलेला बरा.

पॉलिसीत काही तयार खटकेही असतात, त्यांना बूलियन म्हणतात. ओपनव्हीपीएनला वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टरी वाचू द्यायच्या का, बाहेरच्या पोर्टांकडे जोडणी करू द्यायची का, तिच्या स्क्रिप्ट मोकळ्या डोमेनमध्ये चालवू द्यायच्या का, हे त्यांवर ठरते. होम डिरेक्टरीचा खटका लॅपटॉपवरच्या क्लायंटला उपयोगी पडतो, कारण तिथे माणसाची सर्टिफिकेट होममध्येच असतात. निव्वळ सर्व्हरवर तो बंद ठेवावा. मोकळ्या स्क्रिप्टच्या खटक्याबाबत जास्त सावध राहावे लागते: जोडणी होताच चालणाऱ्या स्क्रिप्टला क्लायंटकडून आलेली माहिती मिळते, आणि अशी स्क्रिप्ट हद्दीबाहेर चालली तर आखलेल्या हद्दीला फारसा अर्थ राहत नाही.

कधी कधी सेवा पडते आणि लॉगमध्ये नकारच सापडत नाही. त्याची दोन कारणे संभवतात. पहिले साधे आहे: नेहमीच्या परवानगीनेच अडवले असेल, तर एसईलिनक्सपर्यंत प्रश्न जातच नाही आणि तिची नोंदही होत नाही. नोबडीला न उघडणारी 700 परवानगीची डिरेक्टरी हे त्याचे ठरलेले उदाहरण. दुसरे कारण म्हणजे काही निरुपद्रवी नकार लॉगमध्ये लिहू नयेत असे पॉलिसीतच सांगितलेले असते. सेमॉड्यूल कमांडने हे मौन तेवढ्यापुरते उठवता येते. तपास झाला की ते पूर्ववत करावे, नाहीतर लॉग निरर्थक नोंदींनी भरून जातो. सगळे नकार एकत्र पाहायचे असतील, तर फक्त ओपनव्हीपीएन_टी हे एक डोमेन पर्मिसिव्ह करण्याची सोय आहे: त्याला अडवले जात नाही, जे अडवले गेले असते त्याची नोंद मात्र होते. बाकीचा सर्व्हर बंदोबस्तात राहतो. एका सेवेसाठी आख्खी एसईलिनक्स बंद करण्याची सवय आपल्याकडच्या अनेक मार्गदर्शिकांनी पसरवली आहे. ती सोडायलाच हवी. बंद असताना तयार झालेल्या फाईलला लेबलच लागत नाही, त्यामुळे पुन्हा चालू करताना सगळ्या डिस्कचे लेबलिंग नव्याने करावे लागते.

एवढे करूनही नकार उरला आणि मागणी खरोखर रास्त असेल, उदाहरणार्थ ओळख तपासणाऱ्या प्लगइनला त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या सेवेच्या सॉकेटशी बोलायचे असेल, तर स्वतःचे मॉड्यूल लिहावे. ऑडिट२अलाऊकडून कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही. तो डोळ्यांखालून घालून, नको त्या ओळी काढून मगच चढवावा आणि प्रत्येक नियमाशेजारी तो कशासाठी आहे याची टिप्पणी ठेवावी. दोन वर्षांनी सर्व्हर दुसऱ्याच्या हाती जातो, तेव्हा त्याला एवढाच आधार असतो.

उबंटूवर एसईलिनक्सच्या जागी असलेले ॲपआर्मर लेबलाऐवजी फाईलच्या मार्गावरून ठरवते, त्यामुळे एमव्हीने होणारा घोटाळा तिथे होत नाही. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनची गोष्ट आणखी वेगळी. मार्च 2020 मध्ये आलेल्या 5.6 कर्नलपासून ते कर्नलमध्येच आहे. पॅकेट तपासणारी वेगळी प्रोसेसच नसल्यामुळे कोंडायलाही फारसे कोणी उरत नाही.

ओपनव्हीपीएनच्या बाबतीत एक फाईल मात्र कायम लक्षात ठेवावी लागते: रद्द सर्टिफिकेटांची यादी. की एकदाच ठेवली जाते. ही यादी दर वेळी कोणी नोकरी सोडली किंवा लॅपटॉप हरवला की नव्याने तयार होते आणि बहुतेकदा दुसऱ्या डिरेक्टरीतून हलवून आणली जाते. सर्व्हर चालू असताना, रूटचे अधिकार सोडल्यानंतर, ती पुन्हा वाचली जाते. लेबल चुकलेले असेल आणि फाईलची साधी चौकशीही नाकारली गेली, तर ओपनव्हीपीएनच्या नव्या आवृत्त्या लॉगमध्ये एक इशारा लिहितात आणि मेमरीतली जुनी यादीच पुढे वापरतात. सेवा चालू, सगळे जोडलेले, आणि कालच रद्द केलेले सर्टिफिकेटही आत. म्हणून यादी बदलणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी रीस्टोरकॉन हवीच, आणि काम पूर्ण झाले असे म्हणण्याआधी सर्व्हर रीबूट करून एक चाचणीचे सर्टिफिकेट काढावे, त्याने जोडून पाहावे, सेवा चालू असतानाच ते रद्द करून यादी बदलावी आणि त्याच क्लायंटला आता नकार मिळतो हे तपासावे.