झावळीवरचा पत्ता

मुंबईत ‘सी-फेसिंग’ म्हणजे काय, हे प्रत्येक इस्टेट एजंट आपापल्या परीने ठरवतो. न्हाणीघराच्या खिडकीतून मान वाकडी केल्यावर दिसणारा अरबी समुद्राचा तुकडाही त्यात बसतो. दुबईला अशी ओढाताण करावी लागली नाही. किनारा कमी पडतोय म्हटल्यावर त्यांनी तो वाढवून घेतला.

दुबईचा मूळचा किनारा सुमारे 70 किलोमीटरचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर हॉटेलं, बंदरं आणि राजवाडे होते, आणि विकायला उरलेली समुद्रकाठची जागा थोडी. बाकी वाळवंट हवं तेवढं होतं, पण वाळवंटाकडे तोंड करून राहायला पैसे कोण देणार? 2001मध्ये किनाऱ्यापासून जरा आत, उथळ समुद्रात, भराव टाकायला सुरुवात झाली. त्यातून उभं राहिलं ते पाम जुमेरा. मध्ये खोड, दोन्ही बाजूंना झावळ्या आणि भोवती चंद्रकोरीसारखा वळलेला बांध. काम सरकारी मालकीच्या नखील कंपनीचं. नखील म्हणजे अरबीत खजुराची झाडं.

हा आकार विमानातून छान दिसतो म्हणून निवडला, असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या मते तो आधी हिशेब आहे, मग चित्र. पाच किलोमीटर व्यासाचं साधं गोल बेट बांधलं असतं तर त्याला काठ मिळाला असता जेमतेम सोळा किलोमीटरचा, आणि मधली सगळी जमीन समुद्र न दिसणारी, म्हणजे स्वस्तातली. त्याच घेरात झावळ्या काढल्या की काठ 50 किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्येक झावळीच्या मधोमध एकच रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंगल्यांची एकेक रांग, आणि प्रत्येक बंगल्यामागे वाळूची पट्टी आणि पाणी. मागच्या रांगेतलं, अंधारातलं घरच नाही. नकाशा थोडा वेळ निरखला की झाड विरून जातं आणि दिसते ती फणी.

मुंबईकराला भराव नवा नाही. नरिमन पॉइंट तर समुद्रातूनच काढलेला आहे. पण आपल्याला हवी होती जमीन. सात बेटं सांधताना मधल्या खाड्या बुजल्या आणि काठ उलट कमी झाला. दुबईत जमीन मुबलक, कमी होती ती कडा. दोन्हीकडे क्रिया एकच, हिशेब मात्र नेमका उलटा.

आता वाळू. वाळवंटातल्या शहराला वाळू समुद्राच्या तळातून उपसावी लागली, ही गोष्ट ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. कारण मात्र साधं आहे. वाळवंटातले कण वाऱ्याने घोळून घोळून बारीक आणि गुळगुळीत झालेले असतात. ते एकमेकांत गुंतत नाहीत, ओला ढीग नीट बसत नाही. समुद्रतळाची वाळू भरड आणि कंगोऱ्याची. ती उपसण्याचं काम व्हॅन ऊर्ड या डच कंपनीकडे गेलं. देशाचा बराच भाग समुद्राशी भांडून मिळवलेल्या लोकांना हे काम द्यावं, यात नवल नाही. ड्रेजर जहाज तळाची वाळू पाण्यासकट पोटात ओढून घेतं, ठरल्या जागी येतं आणि नाकाडावरच्या तोटीतून ती हवेत उंच कमानीसारखी फेकतं. त्या कमानीमुळे या पद्धतीचं नाव पडलं रेनबोइंग. पाण्यावर झावळी रेखायला खुणेचा दगड कुठून आणणार? फवारा कुठे पडतोय, भराव किती उंच झाला, हे उपग्रहाच्या मदतीने मोजत गेले. अशी सुमारे 9 कोटी 40 लाख घनमीटर वाळू पडली.

पडलेली वाळू म्हणजे जमीन नव्हे. रव्याचा डबा भरताना आपण तो ओट्यावर दोन-चारदा आपटतो, रवा खाली बसतो आणि वर आणखी वाटीभराची जागा होते. पामवर हेच करावं लागलं, फक्त डबा पाच किलोमीटरचा. सैल, पाण्याने भिजलेली वाळू भूकंपाच्या हादऱ्याने पातळ पिठासारखी वागू लागते, वरची इमारत कलंडू शकते. म्हणून लांब कंप पावणारे लोखंडी दांडे पाण्याच्या फवाऱ्यासह जमिनीत खोल घालायचे, कण हलवून घट्ट बसवायचे, दांडा वर काढायचा, चार पावलं पुढे जायचं, पुन्हा तेच. या कामाची छायाचित्रं कुठल्याही माहितीपत्रकात नसतात. पण पामवर आज जे काही उभं आहे ते या कंटाळवाण्या ठोकाठोकीवर.

बाहेरचा बांध, म्हणजे क्रेसेंट, सुमारे 11 किलोमीटरचा. डोंगर फोडून आणलेला सत्तर लाख टन दगड त्यात आहे. हिवाळ्यात वायव्येकडून शमाल वारा सुटला की आखात खवळतं. त्या लाटा झावळ्यांपर्यंत येऊ नयेत म्हणून हा बांध. तो इतका चोख झाला की नवीच अडचण आली. आतलं पाणी हलेना. भरती-ओहोटीला आत-बाहेर करायला वाट पुरेना, पाणी साचून डबकं होण्याची आणि शेवाळ धरण्याची लक्षणं दिसू लागली. कोट्यवधींचा बंगला आणि मागच्या दारी कुबट वास, हे कोण खपवून घेईल? शेवटी बांधात वाटा ठेवाव्या लागल्या आणि त्यांच्यावरून पूल नेले. समुद्र बाहेर ठेवायचा, पण मोजून आत घ्यायचा. खोडाच्या टोकापासून क्रेसेंटपर्यंत जायला समुद्राखालून सहापदरी बोगदा आहे, आणि 2009पासून खोडाच्या पाठीवरून मोनोरेल धावते.

पैशाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे सारखीच असते. 2002मध्ये परदेशी माणसाला दुबईच्या ठरावीक भागात पूर्ण मालकीचं घर घेण्याची मुभा मिळाली, 2006मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. घरं वाळू पडायच्या आधी कागदावर विकली गेली. राहायला आलेल्यांतल्या काहींनी कुरकुर केली की चित्रात बंगले ऐसपैस होते, प्रत्यक्षात खेटून आहेत. मग 2009च्या नोव्हेंबरमध्ये नखीलच्या मूळ कंपनीने, दुबई वर्ल्डने, कर्जफेडीला मुदत मागितली आणि जगभरचे शेअर बाजार हादरले. अबू धाबीने हात दिला. शेजारी पाम जेबेल अलीचा भराव तयार होता, पण तो कित्येक वर्षं रिकामा पडून राहिला. 2023मध्ये ते काम पुन्हा काढलं. जगाच्या नकाशासारखी तीनशेच्या आसपास बेटं केली, त्यांतली बहुतेक अजून बोडकी आहेत.

पामवरचा माणूस पत्ता सांगताना झावळी म्हणत नाही, फ्रॉन्ड म्हणतो. ए-पासून सुरू होणारी इंग्रजी अक्षरं, त्यापुढे बंगल्याचा आकडा. झावळीच्या तोंडाशी फाटक आणि पहारेकरी. शाहरुख खानचा बंगला इथेच कुठेतरी आहे, त्यामुळे भारतीय पाहुण्यांची एक फेरी ठरलेली आणि ती फाटकापाशीच संपते. खोडावर उंच इमारती आहेत, तिथले फ्लॅटवाले आपल्याला पामवासीच म्हणवतात, पण बंगलेवाले ते मनापासून मानत नसावेत. गंमत म्हणजे झावळीच्या बऱ्याच बंगल्यांतून खुला समुद्र दिसतच नाही. दिसते ती पलीकडची झावळी, मधल्या पाण्यापलीकडे समोरच्याची गच्ची, त्याचा पोहण्याचा हौद, त्याच्याकडे आलेले पाहुणे. गिरगावातल्या चाळीत दोन गॅलऱ्या समोरासमोर असत, तसंच हे. फक्त मधल्या चौकात खारं पाणी.

या किनाऱ्यावर पूर्वी खरोखरच झावळ्यांची घरं होती. जुमेरा हे मासेमारांचं गाव. खजुराच्या झावळ्या बांधून केलेल्या झोपड्यांना बरस्ती म्हणत. भिंतीच्या फटींतून वारा खेळे, पण उन्हाळ्याच्या दमट काहिलीत तेही पुरत नसे. मग पुरुष मोती काढायला होड्यांवर जात आणि अनेक कुटुंबं बिऱ्हाड उचलून आतल्या खजुराच्या बागांकडे निघत. समुद्रकाठ ही हिवाळ्यात राहायची जागा. ते मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि 1966पर्यंत दुबईच्या बाजारात भारताच्या रिझर्व्ह बँकेने छापलेला रुपया चालत असे. पाण्याच्या जोरावर शहर वाढवायची खोडही जुनीच. खाडी गाळाने भरत आली होती, तेव्हा शेख राशिद यांनी कुवेतकडून कर्ज काढून ती उपसायला घेतली. 1961पर्यंत ते काम झालं. तेल सापडलं त्यानंतर, 1966मध्ये. दुबईत गाळ उपसण्याचा धंदा तेलापेक्षा जुना आहे.

पण समुद्रकाठी राहायला लागतं ते गोडं पाणी, आणि ते इथे नाही. पाऊस वर्षाला साधारण चार इंच, तोही लहरी. 2024च्या 16 एप्रिलला तो एका दिवसात कोसळला तेव्हा विमानतळाच्या धावपट्ट्यांचे तलाव झाले. एरवी पाणी येतं ते जेबेल अलीहून. तिथल्या वीज आणि पाण्याच्या कारखान्याची क्षमता दिवसाला 49 कोटी गॅलनची. वायू जाळून वीज करायची, त्याच उष्णतेने समुद्राचं पाणी उकळून वाफेचं पाणी करायचं, उरलेलं दाट खारवण समुद्राला परत. हे आखात मुळातच महासागरापेक्षा खारट. आता उकळण्याऐवजी गाळून घेण्याच्या आरओ पद्धतीकडे कल वाढतो आहे, त्यात ऊर्जा कमी लागते. पामवरच्या बोगनवेलीची मुळं त्या पाण्यावर जगतात.

थंडावाही नळाने येतो. मोठ्या केंद्रात पाणी गार करून जमिनीखालच्या नळांतून इमारतींत फिरवतात आणि तापलेलं पाणी परत आणतात. त्याचं बिल वेगळं. म्हणून दुबईत भाड्याच्या जाहिरातीत ‘चिलर फ्री’ ही अक्षरं पहिल्यांदा शोधायची, असं तिथे गेलेला मराठी माणूस नव्या आलेल्याला सांगतो. हा माणूस पामवर क्वचितच राहतो. तो करामात, बर दुबईत किंवा शारजाच्या सीमेवर राहतो, आणि त्याचा समुद्रकाठ म्हणजे खाडी ओलांडणारी अब्रा. लाकडी होडी, भाडं एक दिरहम, बसायला मधोमध फळी, तोंड पाण्याकडे. दुबईतलं सगळ्यात स्वस्त समुद्रदर्शन म्हणाल तर ते हेच, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगलंही.

पामवर विटा रचणारे, नळ जोडणारे बहुतेक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रापासून लांब, कामगारांच्या वसाहती आहेत. त्यांतल्या एका मोठ्या वसाहतीचं बोलीतलं नाव सोनापूर. ते कुणी ठेवलं असेल ते असो, मुंबईच्या कानाला ते वेगळंच ऐकू येतं. मरीन लाइन्सचं सोनापूर म्हणजे स्मशान. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. तेवढा वेळ मजूर मिळेल त्या सावलीत पडून असतात.

त्याच महिन्यांत आखाताच्या पाण्याचं तापमान 33-34 अंशांवर जातं. डुंबायला जावं तर चहाच्या आधणात उतरल्यासारखं. म्हणून बंगल्यांच्या पोहण्याच्या हौदांना पाणी गार करायची यंत्रं बसवलेली असतात, समुद्र दहा पावलांवर असताना. ज्यांना परवडतं ते जुलैत लंडनला किंवा स्वित्झर्लंडला निघून जातात, जसे पूर्वीचे लोक बागांकडे जात. फरक एवढाच की बरस्ती रिकामी सोडून जाता येत असे. बंगल्याला ते चालत नाही. दमट हवेने भिंतींना बुरशी धरते, लाकूड फुगतं, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. म्हणून पडदे ओढायचे, फाटकावर किल्ली द्यायची, एसी 24 वर ठेवायचा आणि निघायचं. ऑगस्टच्या दुपारी झावळीवर माणूस दिसत नाही. जेबेल अलीला वायू जळत असतो, नळांतून गार पाणी फिरत असतं, आणि बागेतली तुषारांची तोटी ठरल्या वेळी आपोआप सुरू होते.