अब्बांची पद्मिनी विकताना

२०२४च्या मे महिन्यात आम्ही अब्बांची गाडी विकली. प्रीमियर पद्मिनी, १९७८चं मॉडेल, फिकट निळा रंग, गिअर स्टिअरिंगला. बिल्डिंगच्या आवारातून ती शेवटची बाहेर पडली तेव्हा शेजारच्या चाचांनी विचारलं, "वडिलांची निशाणी विकलीत?" त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. आम्ही नवरा-बायको मिळून हे लिहितो आहोत ते त्या उत्तरासाठी, आणि घरोघरी अशी एखादी 'अब्बांची वस्तू' असते म्हणूनही.

अब्बा जहाजावर नोकरीला होते. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातले पुष्कळ पुरुष त्या काळी जहाजावर नाहीतर आखातात असत. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी. १९८४मध्ये सुट्टीवर आले असताना त्यांनी मुंबईत ही गाडी सहा वर्षं वापरलेली घेतली. तेव्हा फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर याच दोन गाड्या घरोघरी ठाऊक. पद्मिनी मुंबईतच, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. मूळ गाडी इटलीची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसीचं. नाव बदलून पद्मिनी झालं तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं आणि मागे लेकरांसकट मावतील तितके. कशेडी घाट चढताना इंजिन तापायचं, पेट्रोल पंप गरम होऊन गाडी अडायची. मग अब्बा उतरून पंपावर ओलं फडकं ठेवायचे, सगळे खाली उतरायचे, अम्मी डबा उघडायची. गाडी गार होईपर्यंत पोरांची सहल होऊन जायची.

अब्बांना हिशेबाची सवय होती. डॅशबोर्डच्या खणात त्यांची एक वही असे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, आणि कुणासाठी गेलो.

२००९मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. गाडी आम्ही पुण्याला आणली. आरटीओत फॉर्म ३१ भरून ती आमच्या नावावर केली. थोरली आपा आणि धाकटी बहीण, दोघींनी हरकत नसल्याचं लिहून दिलं. कुणी काही विचारलं नाही, आम्हीही विषय काढला नाही.

सुरुवातीला गाडी जपणं म्हणजे अब्बांची खिदमत करणं वाटायचं. जुनी गाडी मात्र माणसाचा वेळ हळूहळू खाते. आज कार्बोरेटर साफ करा, उद्या पॉइंट घासा. एका रबरासाठी नाना पेठेतली दहा दुकानं पालथी घाला. कोकणातला पाऊस पत्र्यात आधीच मुरलेला होता. एका जागी वेल्डिंग केलं की दुसऱ्या जागी गंज वर येई. रविवार उजाडला की आमच्यातला एक गाडीखाली आणि दुसरी मुलांना सांगतेय, "अब्बूंचं काम होऊ दे, मग जाऊ." ते 'मग' बहुतेक रविवारी मगरिबच्या अजानपर्यंत येतच नसे. आणि हे लिहिताना एक कबूल करायला हवं, कौतुक आम्हा दोघांनाही आवडायचं. सिग्नलला लोक काच खाली करून हसायचे, फोटो काढायचे. निशाणी अब्बांची होती, पण मिरवत आम्ही होतो.

२०२३मध्ये गाडीची नोंदणी पुन्हा संपत आली. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी. पासिंगसाठी आम्ही पत्रा, रंग, ब्रेक असं मोठं काम काढलं. मुलांची उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. अम्मी गावी वाट पाहत होत्या. घरात दुसरी लहान गाडी होती, एसटी होती, तरी आम्ही हट्ट धरला, या वेळी अब्बांच्या गाडीनेच जायचं. अम्मींना फोनवर सांगत राहिलो, "गाडी तयार झाली की निघतो." एप्रिल गेला, मे अर्धा गेला.

एके सकाळी अम्मी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. धाकटीला कळलं तशी ती मुंब्र्याहून मिळेल त्या गाडीने दुपारी पोहोचली. प्लास्टर झालं, अम्मींना घरी आणलं. आम्ही पोहोचलो दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी धाकटी आमच्याशी फारसं बोलली नाही.

अम्मींना आम्ही पुण्याला घेऊन आलो. गाडीचा विषय त्यांच्यासमोर काढायला आम्ही घाबरत होतो. गाडी विकायचं मनात येई, पण वाटे, त्यांना काय वाटेल? एका रविवारी खिडकीतून बराच वेळ खाली पाहून त्याच म्हणाल्या, "अरे, तुझ्या अब्बांनी गाडी घेतली ती आम्हाला फिरवायला. तुम्ही दोघं गाडीलाच फिरवता."

त्या रात्री आम्ही अब्बांची वही काढली. त्यांच्या अक्षरातली पानं वाचली. 'थोरलीला परीक्षेला, चिपळूण.' 'शेजारच्या काकूंना दवाखान्यात, रात्री २.' 'सगळे, मुरूड, समुद्र.' २००९नंतरची पानं आमच्या हातची होती. ब्रेक सिलिंडर. डिस्ट्रिब्युटर कॅप. रंग, पहिला हप्ता. चौदा वर्षांच्या आमच्या पानांवर माणसाचं नाव शोधावं लागत होतं. विकायचं तेव्हाच ठरलं.

ठरल्यावर बहिणींना कळवायला फोन केला. आपा गप्प राहिली. धाकटी म्हणाली, "भाईजान, सही मागायला आला होतात तेव्हाही तुम्ही ठरवूनच आला होतात. आताही ठरवूनच सांगताय."

ती खरंच बोलत होती. आरटीओच्या पुस्तकात नाव आमचं होतं, पण गाडी अब्बांचा तरका होती. कुरआनच्या सूरह अन-निसामध्ये वारसांचे हिस्से स्पष्ट आहेत. मुलंबाळं असताना पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यातून मुलाला दोन भाग आणि मुलीला एक. आई, एक मुलगा, दोन मुली असा हिशेब केला तर बत्तीस भाग होतात. चार अम्मींचे, चौदा मुलाचे, सात-सात बहिणींचे. घर आणि जमिनीची वाटणी करताना आपण हे पाहतो. गाडी, दागिने, शिलाई मशीन अशा वस्तू मात्र ज्याच्या हाती असतील त्याच्याच होऊन जातात. संकोचाने दिलेली सही म्हणजे राजीखुशीने सोडलेला हक्क नव्हे, हे आम्हाला चौदा वर्षांनी उमगलं. आम्ही दोघींकडे जाऊन माफी मागितली आणि जी किंमत येईल तिचा हिस्सा द्यायचं कबूल केलं. दुरुस्तीचा खर्च आम्ही वजा केला नाही. गाडी वापरली आम्हीच, खर्चही आमचाच.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त झाली. बातम्या झळकल्या आणि आमचे फोन वाजू लागले. एका दोस्ताने सल्ला दिला, "थांबा, २०२८मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील." केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण तिचा मान वाढतो आणि कदाचित किंमतही. मोह पडला हे नाकारत नाही. पण चार वर्षं म्हणजे दोनशेहून जास्त रविवार. थोरलं लेकरू तोवर चौदा वर्षांचं होणार. ते तेव्हा आमच्याबरोबर फिरायला येईलच याची काय खात्री?

गिऱ्हाईक मिळालं साताऱ्याकडचं. त्या तरुणाच्या वडिलांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली होती. त्याने गाडी पाहिली, फिरवली आणि एक लाख ऐंशी हजार सांगितले. बाहेरून रंग नवा होता. आतल्या गालिच्याखाली, ड्रायव्हरच्या पायाशी पत्रा गंजून पातळ झालेला आम्हाला ठाऊक होता. त्याने काही गालिचा उचलला नव्हता.

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पाहणाऱ्या पैगंबरांची (स.) ती हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वर कोरडं आणि आत ओलं धान्य पाहून त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं होतं की, ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस. ती हदीस ऐकायला सोपी आहे. हातात पैसे येत असताना गालिचा उचलणं अवघड आहे. आम्ही उचलला. घाटात इंजिन तापतं, हेही सांगितलं. त्याने बोट दाबून पाहिलं, विचार केला आणि वीस हजार कमी केले. सौदा एक लाख साठ हजाराला झाला. वीस हजाराचं वाईट वाटलं, पण त्या रात्री झोप चांगली लागली.

अशी गाडी विकणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून विषय सोडू नका. मालकी बदलल्याचं चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा, आणि नवीन नाव नोंदीत चढलं का ते स्वतः तपासा. नोंद जुन्या नावावर राहिली तर उद्याच्या अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

पैसे आले त्याच आठवड्यात अम्मींना वीस हजार, आपा आणि धाकटीला पस्तीस-पस्तीस हजार दिले. धाकटीने वहीसुद्धा मागून घेतली. अम्मींनी आपल्या पैशांतून गावच्या न्हाणीघरात धरायला दांड्या आणि खरबरीत फरशी बसवून घेतली. उरलेले नातवंडांच्या ईदीला ठेवले.

आता बहुतेक रविवारी आम्ही मोकळे असतो. सगळेच रविवार काही सोन्याचे नसतात. कधी मुलं भांडतात, कधी आमच्यातला एक उगाच आवारातल्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहतो. गाडीची आठवण येते, ती येणारच. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे लहान गाडीने गावी गेलो. आपा आणि धाकटीही लेकरांना घेऊन आल्या. कशेडीजवळ गाडी तापली नव्हती, तरी थांबलो. अम्मींनी डबा उघडला. मुलांनी विचारलं, "इथे का थांबलो?"

अम्मी म्हणाल्या, "तुमचे दादा इथे थांबायचे."