रिकामा रकाना

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांच्या मुलुखात जाऊन वसलेल्या एखाद्या पूर्वजाचा वृत्तांत जुळवू पाहणाऱ्या वंशजाजवळ आरंभी बहुधा घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कहाणी, कुटुंबाच्या बायबलात टिपलेल्या जन्ममृत्यूंच्या तारखा आणि फार तर एखादे थडगे, एवढेच भांडवल असते. आणि कहाणी जितकी रसाळ, तितकी ती सरकारी दप्तराशी ताडून पाहण्याची निकड अधिक. चार्ल्स इंगल्स याचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. त्याची कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या कादंबऱ्यांनी त्याला जगभर कीर्ती मिळवून दिली खरी, परंतु त्याच्या आयुष्यातील काही अत्यंत महत्त्वाच्या गोष्टी कादंबऱ्यांबाहेरच राहिल्या.

१८३६ साली न्यूयॉर्क राज्यातील क्यूबा या गावी जन्मलेल्या चार्ल्सने १८६० मध्ये विस्कॉन्सिनात कॅरोलाइन क्वाइनर हिच्याशी विवाह केला, आणि पुढे कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा असे बिऱ्हाड हलवीत तो अखेर डकोटात स्थिरावला. अशा भटक्या संसाराचा माग मुख्यतः दर दहा वर्षांच्या खानेसुमारीवरून लागतो. १८५० पूर्वीच्या खानेसुमारीत नाव केवळ कुटुंबप्रमुखाचे; त्या वर्षापासून घरातील प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव येऊ लागले, आणि कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० पासून. १८९० ची बहुतेक सारी कागदपत्रे मात्र १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीत नष्ट वा निकामी झाली, आणि ती वीस वर्षांची पोकळी संशोधकाला जमिनीच्या दस्तऐवजांनी भरून काढावी लागते.

कॅन्ससमधील घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर होते, असे लॉराने आपल्या पुस्तकात लिहिले. ते सोडले तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती, हे लक्षात घेता तिला दोष देता येत नाही. १९६० नंतरच्या दशकात १८७० ची खानेसुमारी आणि जमिनीचे नकाशे ताडून पाहिल्यावर ती जागा त्या गावापासून सुमारे तेरा मैलांवर, माँटगोमेरी परगण्यात निघाली. कुटुंबाला हिवतापातून वाचविणारे कृष्णवर्णीय डॉक्टर जॉर्ज टॅन हेही कल्पित पात्र नसून खानेसुमारीत सापडणारे खरेखुरे शेजारी ठरले. परंतु मला सर्वांत बोलका वाटतो तो त्याच कागदातील जमिनीच्या किमतीचा रिकामा रकाना. ही भूमी ओसेज लोकांची असून वसलेल्यांना तिच्यावर कोणताही हक्क नाही, असा शेरा गणना करणाऱ्या कारकुनाने लिहून ठेवला आहे! ज्या घराची ऊब पुस्तकाच्या पानापानांतून जाणवते, ते घर परक्याच्या जमिनीवर, त्याच्या संमतीवाचून उभे होते. कुटुंब १८७१ मध्ये परत फिरले, त्यामागेही विस्कॉन्सिनमधील शेत ज्याला विकले होते त्याला हप्ते फेडता येईनात, हे एक कारण होते.

कादंबऱ्यांनी आणखीही काही वगळले. १८७५ च्या नोव्हेंबरात जन्मून पुढल्याच ऑगस्टमध्ये दगावलेला एकुलता मुलगा फ्रेडी त्यांत नाही. टोळधाडींनी मिनेसोटातील पिके फस्त केल्यावर आयोवातील बर ओक येथे काढलेले दिवसही नाहीत. आईबापांनी सोसलेले हे दुःख लेखिकेने मनातच ठेवले असावे, आणि तिच्या त्या मौनाविषयी मला आदर वाटतो. तथापि वंशवृत्त लिहिणाऱ्याने त्या बाळाची नोंद केलीच पाहिजे.

डकोटात मात्र चार्ल्सला कायदेशीर जमीन लाभली. लिंकनने २० मे १८६२ रोजी मंजूर केलेल्या होमस्टेड कायद्यान्वये १६० एकर सरकारी भूमी, पाच वर्षे वस्ती आणि लागवड केल्यास, अल्प शुल्कात मिळे. चार्ल्सने १८८० मध्ये अर्ज केला आणि १८८६ मध्ये अंतिम पुरावा दाखल केला. अशा प्रकरणांच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घर केवढे, नांगरट किती, कुटुंबात माणसे किती, वस्ती सोडून कधी व का गेलात, या प्रश्नांना दिलेली अर्जदाराची आणि साक्षीदारांची उत्तरे त्यांत आढळतात. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचा दाखलाही. पूर्वजाचे स्वतःचे बोलणे ऐकू येईल असे ठिकाण याहून दुसरे क्वचितच.

कॅन्ससची हकीकत मात्र एवढ्यावर पुरी होत नाही. १८७० च्या कायद्याने ओसेज लोकांना तेथून हलविण्यात आले, आणि त्यांनी विकलेल्या भूमीच्या पैशातून आजच्या ओक्लाहोमात नवी भूमी घेतली. १९०६ च्या कायद्यान्वये तयार झालेल्या त्यांच्या पटावर २,२२९ नावे आहेत, आणि आजचे ओसेज वंशज आपल्या पूर्वजांचा शोध त्याच पटावरून घेतात.