स्वखुशीचे बलिदान

बेसबॉल ह्या अमेरिकन खेळात एक चमत्कारिक चाल आहे. आपला सोबती मैदानातील एखाद्या ठाण्यावर खोळंबलेला असता फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढ्यात टाकतो. प्रतिपक्ष त्यास बाद करतो. परंतु तेवढ्या अवधीत सोबती पुढचे ठाणे गाठतो. ह्या चालीस तेथे ‘सॅक्रिफाइस’, म्हणजे बलिदान म्हणतात. पवित्र मिस्सेमुळे हा शब्द आम्हां सर्वांच्या परिचयाचा. म्हणून ह्या चालीत निष्णात असलेल्या जेक डॉबर्टची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

१८८४ साली पेनसिल्व्हेनियातील शमोकिन येथे खाणकामगाराच्या घरी जन्मलेला जेक बालवयातच कोळशाच्या कामास लागला. १९१० साली तो ब्रुकलिन संघात पहिल्या ठाण्याचा रक्षक झाला. त्या काळी एकच चेंडू मळून मऊ होईपर्यंत वापरीत. तो दूर जात नसे, आणि प्रत्येक धाव ठाण्याठाण्याने मिळवावी लागे. अशा दिवसांत नेमक्या फटक्यांच्या बळावर जेकने १९१३ व १९१४ ही दोन्ही वर्षे नॅशनल लीगच्या फलंदाजीत पहिले स्थान पटकाविले. असा समर्थ फलंदाज कारकिर्दीत ३९२ वेळा सोबत्यासाठी स्वतः बाद झाला! त्या लीगमधील हा उच्चांक अद्याप अबाधित आहे.

१९१८ साली महायुद्धामुळे मोसम लवकर आटोपला, तेव्हा मालकांनी उरलेल्या दिवसांचे वेतन नाकारले. संघासाठी शेकडो वेळा बाद होणारा जेक येथे मात्र मुकाट बसला नाही. आपल्या कराराच्या आधारे त्याने न्यायालयात दाद मागितली. पुढे तडजोड झाली. पण ब्रुकलिनने त्यास सिनसिनाटीस देऊन टाकले. तेथे तो कर्णधार झाला, आणि १९२४ च्या ऑक्टोबरात शस्त्रक्रियेनंतर, अवघ्या चाळीस वर्षांचा असताना, निवर्तला.

त्याग आणि अन्याय सोसणे ह्यांत आम्ही उपदेशक कित्येकदा गल्लत करतो. स्वखुशीने दिले ते बलिदान. बळजबरीने घेतले ती लूट. कामगारास योग्य वेतन मिळालेच पाहिजे, असे पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात निक्षून सांगितले आहे. घरातील थोरली मुलगी धाकट्यांसाठी शाळा सोडते, तेव्हा तिच्या त्यागाची आम्ही वाखाणणी करतो. परंतु तिने शाळा सोडली, की आम्ही ती सोडावयास लाविली?

येत्या रविवारी वेदीपुढे गुडघे टेकताना हा प्रश्न प्रत्येकाने, आणि सर्वांआधी आम्ही धर्मगुरूंनी, स्वतःस विचारावा.